गच्चीवरचा दिवा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या थोरल्या भावाला जगात एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा होता. ती म्हणजे धाकट्याने गच्चीच्या कठड्यावर बसवलेला भगभगीत दिवा. चोरांसाठी लावला म्हणे! चोराने न्यावं असं त्या गच्चीवर होतं काय, तर एक फुटकी टाकी आणि थोरल्याची दुर्बीण. दिवा आपल्याला खिजवायलाच लावलाय, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

वृश्चिकाच्या शेपटीजवळचा एक तारकागुच्छ तो दर उन्हाळ्यात दुर्बिणीतून मोजायचा. नेहमी उजव्या डोळ्याने, कारण दुकानातलं भिंगही त्याच डोळ्याला. मग वहीत एकेका ताऱ्याचा ठिपका काढायचा. पहिल्या वर्षी अडतीस ठिपके भरले होते. दिवा आल्यापासून तीस, पंचवीस, गेल्या वर्षी एकवीस. भावाने माझं आकाश खाल्लं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तीन वर्षं दोघं जिन्यात समोर आले, की तोंडं फिरवत.

शेवटी इमारतीच्या बैठकीत त्याने असा काही थयथयाट केला, की रात्री दहानंतर दिवा बंद, असं ठरून गेलं.

त्या रात्री धाकटा स्वतः वर आला, खटका दाबला आणि हाताची घडी घालून तिथेच उभा राहिला. "घे. मोज आता पोटभर."

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दोघांनी गच्चीच्या दोन टोकांना काढला. मग थोरल्याने मोजलं. एकोणीस. दुर्बीण जरा हलवून पुन्हा मोजलं. एकोणीसच.

"काय, नाही दिसत? चार माणसांत माझी लाज काढलीस ती कशासाठी, बघू तरी." धाकट्याने त्याला जवळजवळ ढकललंच आणि डोळा लावला. "छत्तीस, सदतीस... हा बारका धरला तर अडतीस."

"थापा मारू नकोस."

"थापा? आण कागद."

डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात त्याने रागारागाने ठिपके मारले. थोरल्याने वहीचं पहिल्या वर्षाचं पान उघडून शेजारी धरलं. धाकट्याने ती वही जन्मात पाहिली नव्हती. तरी ठिपक्याला ठिपका जुळत होता. अडतिसावा बारकाही होता, कोपऱ्यात, अगदी जागच्या जागी.

थोरल्याचा हात उजव्या डोळ्याकडे गेला. दुकानात सात घड्याळं उघडून ठेवलेली होती. गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं काम बिघडलं म्हणून परत आली होती आणि त्याने त्यांनाच झापून हाकललं होतं.

"आता बोल ना, दादा," धाकटा म्हणाला. "आता कोणाच्या नावाने खडे फोडशील?"

"दिवा लाव."

"काय?"

"लाव म्हणतो ना!" थोरला ओरडला. "लाव, आणि रोज लावत जा."