वर्षाला पुरतील इतके शब्द

"भावोजी, तुम्हीच सांगा हिला," मेव्हणी म्हणाली, "'भिऊ नको' हे शब्द बायबलमध्ये तीनशे पासष्ट वेळा आलेत ना? वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक!"

खाटेवरच्या पत्नीने मान वळवून पतीकडे पाहिले. "खरं का हो?"

तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. शस्त्रक्रियेसाठी न्यायला माणसे कोणत्याही क्षणी येणार होती.

पती सूचीकार होते. धर्मग्रंथांच्या मुद्रणालयात त्यांचे सारे आयुष्य बायबलची शब्दसूची सिद्ध करण्यात गेले होते : कोणता शब्द, कोणत्या अध्यायात, किती वेळा. तेथील शिस्त कठोर होती. प्रत्येक शब्दाची गणना दोनदा व्हायची. एकदा आरंभापासून पुढे, एकदा अखेरच्या पानापासून मागे. सरळ वाचताना अर्थ मनाला ओढून नेतो आणि डोळा फसतो. दोन्ही संख्या जुळल्याखेरीज शब्द सूचीत जात नसे. सरळ मोजणी त्यांची. उलटी मोजणी पत्नीची, घरी, भाजी निवडून झाल्यावर, त्याच मेजावर. "तुमचा 'प्रकाश' एकाने कमी भरतोय हो!" असे ती स्वयंपाकघरातून ओरडे, आणि बहुधा चूक यांचीच निघे.

'भिऊ नको' हे शब्दही दोघांनी असेच मोजले होते. ते तितके नव्हते. 'भिऊ नका' मिळवले, 'घाबरू नका' मिळवले, तरी वर्ष भरत नव्हते.

आणि तीच आज विचारीत होती, खरे का? सकाळच्या औषधाने थोडा भ्रम होईल, असे डॉक्टर म्हणाले होते. सूचीकारांना शंका आली. हिचे विस्मरण येथूनच आरंभले असेल तर? खरे सांगावे, तर तिचा आधार जातो. आणि खोटी संख्या त्यांच्या मुखातून आजवर कधी निघाली नव्हती.

"हो," ते म्हणाले. "तीनशे पासष्ट. बरोबर आहे."

"बघ! लीप वर्षाचा जास्तीचा दिवस तेवढा देव बघून घेईल," मेव्हणी हसली आणि पाण्याची बाटली भरून आणायला बाहेर गेली.

पत्नी त्यांच्याकडे वळली.

"अहो, उलटी मोजणी कोणी केली होती?"

सूचीकार दचकले. "तू."

"मग?"

"म्हणजे आठवतंय तुला! मग विचारलंस कशाला?"

"तुमचा चेहरा सकाळपासून वाचता येत नव्हता. म्हटलं, आकडा विचारून बघावा." तिच्या ओठांवर क्षीण हसू उमटले. "एका शब्दासाठी रात्र रात्र जागवलंत मला. आज शेकड्यांनी वाढवून दिलेत! एवढे घाबरलात?"

त्यांनी मान हलवली.

"मी पण," ती म्हणाली. "फार."

त्यांनी तिचा हात हाती घेतला. तो थंडगार होता; यांचाही तसाच. कोणी कोणाला धीर दिला नाही.

दोन माणसे चाकांची खाट घेऊन आली. सोबतच्या परिचारिकेने पत्नीला अलगद त्या खाटेवर घेतले, नाव विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिले आणि तिचा चष्मा उतरवून सूचीकारांच्या हाती दिला.

"राहू द्या ना तो. त्याच्याशिवाय तिला काही दिसत नाही."

"भुलीत काय दिसायचंय, काका? जपून ठेवा. जाग आली की आधी तोच मागतील."

खाट वळली. चष्म्यावाचून पत्नीचे डोळे त्यांना शोधीत होते. पण ते डोळे भलत्याच दिशेला, भिंतीकडे पाहत होते. "इकडे, मी इकडे आहे," सूचीकार म्हणाले. तिने आवाजाच्या रोखाने मान वळवली, तोवर दार मिटले.

मेव्हणी बाटली घेऊन परतली, तेव्हा ते दारासमोर उभे होते. चष्मा त्यांनी मिटला नव्हता. काड्या उघड्या ठेवून, जणू त्यामध्ये एक चेहरा असावा, असा तो दोन्ही हातांनी धरला होता.