वच्छलाबाईंनी नाव घेतलं

वच्छलाबाईंनी शेंगा निवडायचं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि सुनेच्या फोनमध्ये डोकावल्या. फोनमध्ये त्या स्वतःच बोलत होत्या. तेच कपाळ, तीच हिरवी साडी, आवाजही त्यांचाच.

“माझे पती साहेबराव यांच्या इच्छेनुसार मी सरपंचपदाच्या निवडणुकीतून माघार घेते. उद्या मला मत देऊ नका.”

“अगं बया! हे मी कधी बोलले?”

“तुम्ही नाही बोललात, आत्या. एआयवर बनवलंय कुणीतरी,” मंजुषा म्हणाली. मतदानासाठी ती सकाळीच संभाजीनगरहून आली होती.

राग यायच्या आधी वच्छलाबाईंना नवलच वाटलं. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

“डोळं बी मिचकावती की मेली!”

तेवढ्यात शेजारची गीताबाई तणतणत आत आली. गल्लीत नळ यावा म्हणून वच्छलाबाई उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यासाठी ही दारोदार हिंडली होती.

“माघारच घ्यायची व्हती तर आम्हाला उन्हात कशाला हिंडवलं गं?”

“देवाशपथ, ती मी नाय.”

“डोळ्यानं पाहिलंय मी!”

“मग अजून एकदा बघ.”

गीताबाईनं फणकाऱ्यानंच फोन घेतला. पहिल्याच वाक्याला ती थबकली.

“थांब. मालकाचं नाव? तू? रेशन दुकानात बी आम्हाला सांगायला लावतीस तू!”

ती ओट्यावर जाऊन ओरडली, “खोटं हाय गं ते! नाव घेतलंय तिनं, नाव!”

गल्लीतल्या बायकांना लगेच कळलं. पुरुषांना समजावून सांगावं लागलं.

दिवेलागणीपर्यंत गाव निवळलं. अंगणात बाजेवर साहेबराव सुनेचा फोन कानाला लावून बसले होते.

“मामा, डिलीट करा ना आता,” मंजुषा म्हणाली.

“करतो की.”

आणि त्यांनी तो व्हिडिओ परत लावला. माझे पती साहेबराव…

“खोटं हाय ते,” वच्छलाबाई दारातून म्हणाल्या.

“म्हाईत हाय. पण लग्नात तू उखाणा घेतला, तवा वाजंत्री लई व्हती. मला काय ऐकूच नाय आलं.”

वच्छलाबाईंनी फोन काढून घेतला, सुनेला तो व्हिडिओ पुसायला लावला. मग बाजेच्या कडेला टेकल्या. गल्लीत कुणी नाही, हे एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

त्या काय म्हणाल्या ते मंजुषाला ऐकू आलं नाही. मामा लाजलेले मात्र तिनं पहिल्यांदाच पाहिले.