हरकतीची वाट

आमच्या ऑफिसात जमिनींचे लिलाव होतात, आणि जमीन विकली गेली की घंटा वाजते. भिंतीवर फळा आहे. विकलेल्या प्लॉटला हिरवी टिकली, मागे घेतलेल्याला लाल. ज्याच्या नावापुढे लाल टिकल्या जास्त, त्याच्याजवळ चहाच्या मशिनपाशीही कोणी फार वेळ उभं राहत नाही. साहेब दर सोमवारी सांगतात, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." असू. दर तिमाहीला खालच्या दोघांना घराबाहेर काढणारं कुटुंब मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. मी हिशेब बघतो. मला टिकल्या नाहीत, म्हणून असं बोलायची चैन परवडते.

त्या तिमाहीत तळाला होती आमची 'धडाका'. हे नाव पडलं तेव्हा कौतुकाने पडलं होतं, आता चिडवण्यापुरतं उरलं होतं. नोकरी टिकवायला तिला एकच घंटा वाजवायची होती, आणि हातात एकच प्लॉट होता: चौकातला, पत्र्याच्या शेडचा, दोन भावांच्या नावावर. त्या शेडमध्ये दोघे सायकली दुरुस्त करायचे. विकायला आला होता थोरला. धाकटा कित्येक वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच.

दोन नावांची जमीन एकाच्या सांगण्यावरून विकणं म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणून ऑफिसच्या वकीलबाईंनी पेपरात नोटीस दिली होती: कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. असली नोटीस गेली की हरकत येऊ नये म्हणून सगळं ऑफिस देव पाण्यात घालून बसतं.

थोरले काका रोज दुपारी यायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे.

"आली का गं हरकत?"

"नाही आली, काका. अजिबात काळजी करू नका!"

ती हसून सांगायची आणि काकांचा चेहरा उतरायचा. तिच्या ते लक्षात येत नव्हतं. माझ्या आलं. चांगली बातमी ऐकून खांदे पाडणारं गिऱ्हाईक माझ्या उभ्या नोकरीत पहिलंच. त्यात मागच्या तिमाहीत हाच प्लॉट त्यांनी आयत्या वेळी मागे घेतला होता आणि दंड घासाघीस न करता भरला होता. न भांडता दंड भरणारा माणूस एक तर गडगंज असतो, नाही तर वेडा. काकांच्या चपलांना टाके होते, तेव्हा गडगंज नव्हते.

"काका, विकायचीय ना नक्की?" मी एकदा विचारलंच.

"त्याला विकायची होती," ते म्हणाले. "दुसरीकडे मोठं दुकान टाकू म्हणायचा. मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून. तसाच उठून गेला. हातातला पानासुद्धा खाली ठेवला नाही." त्यांची नजर दाराकडे गेली. "दादा विकायला निघालाय असं पेपरात वाचलं, तर निदान भांडायला तरी येईल."

धडाका शेजारी झेरॉक्स काढत होती. मशीन थांबलं तरी ती तिथेच उभी होती.

लिलावाच्या दिवशी हॉल भरला. प्लॉटवर डोळा ठेवून आलेले पुढच्याच रांगेत होते. वकीलबाईंनी धडाकाच्या हातात प्रतिज्ञापत्र दिलं. "यावर काकांची सही झाल्याशिवाय हातोडा पडता कामा नये. उद्या धाकटा कोर्टात उभा राहिला, तर घेणारा आपल्या उरावर बसेल."

"मग घे ना सही!" साहेब म्हणाले. "बघतेस काय?"

काकांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. "'शोध घेऊनही ठावठिकाणा लागला नाही.' बरोबर आहे. 'यापुढे लागण्याची शक्यता नाही.'" बोट तिथेच थांबलं. "हे कुणी ठरवलं?"

"तशी भाषाच असते, काका."

"असेल. माझी नाही." त्यांनी पेन परत केलं. "तुझं नुकसान होतंय ना गं?"

तिने घंटेकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात कोणी नव्हतं.

"प्लॉट मागे घेतलाय," ती मोठ्याने म्हणाली. लाल टिकली तिने स्वतःच लावली.

"सोमवारी केबिनमध्ये भेट," साहेब म्हणाले. त्याचा अर्थ फळ्यालाही कळला असता.

दंडाची पावती करायला दोघं माझ्या टेबलाशी आली. धडाकाने विचारलं, "काका, तुमचा भाऊ पेपर वाचायचा का हो?"

"वाचतोय कसला! खेळाचं पान तेवढं. बाकी पेपराने चेन पुसायचा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या नोटिशी हरवलेली सर्टिफिकेटं आणि बदललेली नावं यांच्या गर्दीत छापून येतात; ते पान ज्याची नोटीस असते तोच वाचतो. खेळाच्या पानाचा दर दुप्पट.

"सोमवारपर्यंत तरी माझी सही चालते," ती म्हणाली आणि पुढच्या तिमाहीच्या नोटिशीचा अर्ज तिने तिथेच भरला: खेळाचं पान, वरचा कोपरा. जास्तीच्या खर्चाचं कारण मी लिहिलं, 'कायदेशीर धोका कमी करण्यासाठी', आणि शिक्का मारला. त्या रकान्यात इतकं खरं कारण क्वचितच कुणी लिहिलं असेल.

काका दारापर्यंत जाऊन परत वळले. "हरकत आली, तर लगेच कळवशील ना?"

"मी असेन की नाही सांगता येत नाही, काका. पण हे आहेत." तिने माझ्याकडे बोट केलं. "हे कुठे जात नाहीत."

ती गेली. मी आहे. दुपारी दार वाजलं की बेरीज अर्धी टाकून मान वर करतो.