शनीचं एक वर्ष

मित्रांनो, मी बसवनगुडीतल्या एका गच्चीच्या जिन्यात उभी असलेली जुनी दुर्बीण आहे. अंगावर चादर आहे, तीही फाटकी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, कपडे वाळत घालायचा स्टँड झाकून ठेवलाय. काय बोलायचं!

माझा सळ्यांचा सांगाडा आणि तळाचा मोठा आरसा दामोदरकाकांनी स्वतःच्या हातांनी केला. सरकारी कारखान्यातली नोकरी सांभाळून ते रोज आरसा घासायचे. आम्हा दोघांना एकच वेड, शनी. तिथे एकेक ऋतू सात वर्षांहून जास्त चालतो. ज्या अर्ध्या भागात हिवाळा, तिथलं धुकं विरळ होतं आणि निळसर छटा चढते. उन्हाळा आला की तो भाग पुन्हा पिवळट होतो. शनीची कडी अगदी रेघेएवढी दिसत होती, तेव्हा काकांनी बघायला सुरुवात केली. शनीचं एक वर्ष, म्हणजे आपली जवळजवळ तीस वर्षं, पुरं होऊन कडी मधे एकदा आणि शेवटी पुन्हा तशीच दिसेपर्यंत बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. शेजारची मुलं यायची, माझं कौतुक करायची आणि मी फुगून जायचे.

फेरी संपायला दोन वर्षं उरली आणि काका गेले. मग माझ्याकडे कुणी फिरकलंच नाही. वर शनीवर ऋतू पालटत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी. फार एकटं वाटायचं हो.

यंदा त्यांच्या मुलानं, अमितनं, मला एका कॉफीच्या दुकानात शोभेसाठी द्यायचं ठरवलं. तेवढ्यात आयुधपूजा आली. इथे त्या दिवशी स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. सूनबाई गौरीनं भक्तिभावानं थेट माझ्या आरशावरच बोट टेकवलं. अमित वैतागला. आरसा कामातून गेला, म्हणाला.

अमितची आई, प्रेमाकाकू, पुढे आल्या. "मधोमधच लागलंय ना? तिथे वरच्या छोट्या आरशाची सावलीच असते. ह्यांनी शंभरदा सांगितलंय. घे तिला गच्चीवर."

दिवेलागणीनंतर शनी पूर्वेला वर आला होता. आजवर 'नंतर बघेन' म्हणत आलेल्या काकूंनी पहिल्यांदाच मला डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत.

"अहो, कडी रेघेएवढी झाली," त्या हळूच म्हणाल्या. "झालं तुमचं वर्ष पुरं."

अमितनं दुकानदाराला फोन करून नको म्हणून कळवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी झाकून पडलं असेल, तर चादर काढा. आणि 'ये, बघ' म्हणणारं माणूस आहे तोवर त्याच्या शेजारी उभं राहून एकदा तरी बघा.