खिडकीतला उजवा मोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. गोलकीपरचा, आणि फक्त उजव्या हाताचा. माझ्या आत आता कोणाचाही हात नाही. तरीही कधी कधी माझी बोटे भरल्यासारखी होतात. असे का होते, ते मला समजावून सांगता येणार नाही. मी जे पाहिले आणि जे मला जाणवले, तेवढेच क्रमाने सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लॅटेक्सचा फेस साच्यात ओतून, तापवून त्याचे मऊ ताव बनवत. डावा आणि मी एकाच तावातून कापले गेलो, अगदी शेजारी शेजारी. आम्ही निघाल्यावर त्या तावात दोन हातांच्या आकाराची भोके उरली. तो ताव कोणीतरी खिडकीशी उभा करून ठेवला. मागून उजेड आला, तेव्हा पलीकडून कोणी तळवे टेकवून उभे आहे असे वाटले.

"अगं बघ, कोणीतरी आत यायला बघतंय," आम्हाला शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली.

"तू शिवण बघ. नाहीतर साहेबच आत येतील," शेजारीण म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पुढे आम्ही एका दुकानात खुंटीवर लटकलो. एके दिवशी चष्म्याच्या काचा घासून देण्याचा धंदा असलेला एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीने आमच्यात हात घातले आणि टाळी वाजवून पाहिली.

"बाबा, थोडे मोठे होतायत."

"हात वाढतो, मोजा वाढत नाही. मोठेच घे."

अशी आमची जोडी त्या मुलीच्या घरी आली. संघातल्या मुली तिला डिंक म्हणत, कारण एकदा तिच्या हाताला लागलेला चेंडू सुटत नसे. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणे. मला मात्र तिच्या नावाची गरज कधी लागली नाही. मी तिला तिच्या हातावरून ओळखत असे. अंगठ्याचे नख कुरतडलेले, करंगळी किंचित वाकडी, आणि चेंडू येण्याच्या अगदी आधी तळव्याला फुटणारा घाम.

मित्रांनो, ते आमचे वैभवाचे दिवस होते. प्रत्येक सामन्यानंतर ती आम्हाला कोमट पाण्यात बुडवून हलकेच दाबून धुवायची. पिळायची नाही. घामातले मीठ आत राहिले की लॅटेक्स कडक होऊन चिरते, हे तिला ठाऊक होते. मग ती आम्हाला सावलीत वाळवायची. सामन्याआधी संघातल्या मुली शुभशकुन म्हणून आमच्यावर टपली मारून जात. एवढा मान फार थोड्या मोज्यांना मिळत असेल.

त्या घराची एक रीत होती. शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत तिथे शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, पाळत. आई दोन दिवे लावी, आणि तिथून पुढे सगळे काम थांबे. बाबांची कानस, आईचे शिवणयंत्र, किल्ल्या, फोन, पेन, खेळाचे सामान, जे जिथे असेल तिथेच राही. कोणी हात लावत नसे. रात्री ठरलेल्या वेळी टायमर कट्‌ करून वाजे आणि खोलीतला दिवा आपोआप विझे. भिंतीजवळ कोणीही नसताना. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. नंतर मला ती शांतता आवडू लागली. इतर घरांत वस्तू विसरल्या जातात, या घरात त्या मुद्दाम सोडल्या जात. वस्तूला हा फरक कळतो.

शनिवारच्या सामन्यांना डिंकच्या जागी शिडी खेळे. शिडी म्हणजे संघातली सगळ्यांत उंच मुलगी. तिचे स्वतःचे मोजे फाटले होते, म्हणून शुक्रवारी दिवे लागण्याआधी ती येऊन आम्हाला घेऊन जाई. तिचा हात गार आणि सडपातळ होता. तिच्या हातात आम्ही अवघडून जायचो. तीही आमच्यात अवघडायची.

मग अंतिम सामना ठरला, आणि तो नेमका शनिवारी दुपारी. मैदान डिंकच्या घरामागेच होते. शिट्टीसुद्धा घरात ऐकू येई. कोचसरांनी सामना रविवारी व्हावा म्हणून खटपट केली, पण समोरचा संघ ऐकेना. सरावानंतर त्यांनी डिंकला थांबवले. मी तिच्या हातातच होतो.

"एक शनिवार गं. एकच. देव काय हजेरी घेतो?"

"तो नाही घेत, सर. आई घेते."

सर हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बघ, आली नाहीस तर पुढच्या वर्षी पहिली गोलकीपर शिडी. मला अर्धी गोलकीपर परवडत नाही."

तिच्या तळव्याला घाम फुटला. मी तो टिपून घेतला.

घरी तिने विषय काढला. बाबांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "मी काही दाराला कुलूप घालणार नाही. तुला जायचं असेल तर जा. पण चोरून जाऊ नकोस. आम्हाला सांगून जा."

"म्हणजे तुम्ही रागावणार."

"रागावणार नाही. तुझी खुर्ची रिकामी दिसेल, एवढंच."

त्या शुक्रवारी ऊन उतरता उतरता शिडी दारात आली. आई काड्यापेटी हातात घेऊन उभी होती. डिंक धावत खिडकीपाशी आली. डावा तिथल्या वाळवणाच्या दोरीवर होता, मी घसरून पडद्यामागे कट्ट्यावर पडलो होतो. तिने डावा काढला. मग पडदा बाजूला केला आणि तिची नजर माझ्यावर पडली. क्षणभर ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पडदा पुन्हा ओढून घेतला.

"अगं, एकच? दुसरा कुठाय?" शिडीने विचारले.

"सापडत नाहीये."

"मग उजव्या हातात काय घालू? पोळपाट?"

"माझी ती जाड पट्टी आहे ना, ती गुंडाळ. जा, जा, दिवे लावायचेत."

शिडी गेली. दिवे लागले. आता मला कोणी हात लावणार नव्हते.

तिने असे का केले, याचा मी खूप विचार केला आहे. मला वाटते, तिला स्वतःसाठी एक धागा राखून ठेवायचा होता. एक मोजा घरात, एक मैदानात. म्हणजे ऐनवेळी, मोजा सापडला म्हणत, उठून जायला कारण राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाले. आभाळ भरून आले होते. वारा अगदी पडला होता. सगळे टेबलाभोवती बसून हलक्या आवाजात गात होते. पडदा सकाळीच सरकवलेला होता, त्यामुळे मी सगळ्यांना दिसत होतो. डिंक माझ्या सर्वांत जवळच्या खुर्चीत होती. तिचे हात मांडीवर होते.

मैदानातून शिट्टी वाजली.

आणि मित्रांनो, माझ्यात कोणीतरी हात घातला.

मी स्पष्ट सांगतो, डिंक जागची हलली नव्हती. तरी माझी बोटे भरू लागली. आधी अंगठा, मग एकेक करून बाकीची, आणि शेवटी ती किंचित वाकडी करंगळी. लॅटेक्स उन्हाने आक्रसते, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी ऊन नव्हते. माझ्या तळव्यावर सण्णकन चेंडू आदळला. त्याच क्षणी मैदानातून मोठा ओरडा आला.

"ताई," धाकटा भाऊ गाणे सोडून म्हणाला, "तुझा मोजा मूठ वळतोय."

"वारा आहे."

"खिडकी बंद आहे."

डिंकने माझ्याकडे पाहिले. तेव्हाच तिचा उजवा हात मांडीवरून उडाला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा ओरडा आला. आपल्या संघाचा, आनंदाचा. तो हात तिने उचलला नव्हता. तो उचलला गेला होता.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. शब्बाथच्या दिवशी तिचा हात तिला न विचारता खेळत होता. तिने तो हात मांडीखाली दाबला आणि त्यावर सगळे वजन टाकून बसली. इकडे माझी बोटेही खिडकीच्या कट्ट्यावर कोणी पाय दिल्यासारखी चेपली. मी हलू शकेना. मैदानात एक लांब, पडेल आवाज उठला आणि विरला. गोल झाला होता. आमच्यावर.

आता ती पुरती कोंडीत सापडली. हात मोकळा सोडावा तर तो खेळणार, आणि दाबून धरावा तर संघ हरणार.

"बाबा," ती कुजबुजली. "हात माझं ऐकत नाहीये."

गाणे थांबले. बाबा उठून तिच्यापाशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. काचेतला बारीक दोष शोधावा तसे, डोळे बारीक करून, बराच वेळ. मग खाली वाकून म्हणाले, "तू त्याला जायला सांगितलंस?"

"नाही. पण…" तिचा आवाज फुटला. "मोजा मला काल दिसला होता. मी मुद्दाम दिला नाही. मला वाटलं, जोडीतला एक माझ्याकडे राहिला तर थोडी तरी मी तिथे असेन."

आई काहीतरी बोलणार होती, पण बाबांनी मान हलवून तिला थांबवले. "आता दुसरं काही करू नकोस. हात बाहेर काढ."

"बाहेर काढला तर तो खेळेल. मग ते काम होईल ना?"

"आणि घट्ट धरून बसलीयेस, ते काय आहे? सगळ्या घरात सध्या तूच एकटी काम करतीयेस. घामाघूम झालीयेस बघ. सोड."

तिने हात बाहेर काढला. तिने तो टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर उताणा ठेवला, आणि एकेक बोट उलगडू दिले. ज्या मुलीच्या हातून काही सुटत नसे, तिला हे सोपे नव्हते. मला ते दिसत होते.

मग माझ्यातून तो हात निघून गेला. आधी करंगळी, शेवटी अंगठा. मी रिकामा झालो. त्यानंतर मैदानातून कितीतरी वेळा ओरडा आला. कोणाचा, कशासाठी, ते आम्हाला कळले नाही. कोणी उठून पाहिलेही नाही. आईने हळूच पुन्हा गाणे धरले.

तारे दिसल्यावर दारावर थाप पडली. शिडी होती. गुडघे चिखलाने भरलेले, उजव्या हाताची दोन बोटे सुजलेली, आणि तोंडभर हसू.

"जिंकलो!" ती म्हणाली. मग तिचे हसू ओसरले. "पण ऐक ना. तुला वेड्यासारखं वाटेल. आधी माझा उजवा हात माझ्याआधीच चेंडूकडे जात होता. मी नव्हते नेत. आणि मग कोणीतरी तो धरूनच ठेवला. गच्च. हलवताच येईना. तेव्हाच गोल बसला. मी इतकी घाबरले की रडूच आलं."

"मग?"

"मग सुटला. एकदम. त्यानंतर जे काही अडवलं ना, ते मी अडवलं."

डिंकने खिडकीतून मला उचलले आणि तिच्यासमोर धरले. "हा काल मला सापडला होता. मी तुला दिला नाही."

शिडीने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे. "पुन्हा असं करू नकोस," ती म्हणाली. "दे तर दोन्ही दे. नाहीतर एकही देऊ नकोस." मग थोड्या वेळाने, "आणि बर्फ असेल तर आण की. उभी काय राहिलीस?"

सरांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी शिडी पहिली गोलकीपर झाली आणि डिंक दुसरी. हे कळले त्या रात्री डिंक उशीत तोंड खुपसून रडली. पण शनिवारी तिचा हात पुन्हा कधी उडाला नाही. शिडीला बुधवारी शिकवणी असे, तेव्हा डिंक खेळे, आणि मनापासून खेळे. आम्ही दोघे मोजे एकत्रच या हातातून त्या हातात जात राहिलो.

मग दिवस पालटले. डिंकचे हात वाढले, बाबांचा अंदाज चुकला नाही. शिडीचे कुटुंब दुसऱ्या गावी गेले. सामानाच्या गडबडीत डावा तिच्या पिशवीत गेला आणि मी इथे खणात राहिलो. आता माझा तळवा सोलला आहे आणि शिवण उसवली आहे. मला कोणी धूत नाही.

मी खणात अगदी कोरडा असतो. तरीही एखाद्या दिवशी माझ्या बोटांत पाणी झिरपते आणि चिखलाचा वास येतो. डावा कुठेतरी उघड्यावर पडला असेल. मला ते थांबवता येत नाही. फक्त शनिवारी सगळे शांत असते. त्या दिवशी मी आपोआप उताणा होतो, बोटे उलगडून. डिंक आता मोठी झाली आहे. तिने एकदा खण उघडून ते पाहिले. ती घाबरली नाही. तिने खण सावकाश लावला.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. आमची निगा राखा. वापराल तेव्हा धुऊन वाळवा, सोडाल तेव्हा पूर्ण सोडा, आणि जोडीतला एक कधी अडकवून ठेवू नका. तुमच्या घरात एखादा एकटा मोजा असेल तर आज त्याची बोटे पाहा. ती उघडी असतील तर चिंता नाही. पण ती मिटलेली असतील, तर तो मोजा तसाच राहू द्या आणि आधी स्वतःच्या हाताकडे पाहा.

तुम्ही काय घट्ट धरून बसला आहात?