नाल्याची लॉगशीट

झुंबर काकडे यांना "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं" हे वाक्य ऐकलं की मस्तकात तिडीक जायची. बत्तीस वर्षं बोईसरच्या एमआयडीसीत पाइपांच्या जंगलात काढलेला माणूस. वाफेच्या नुसत्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते सांगायचा. आणि घरात सून त्याच्या हातातला मोबाईल अशी काढून घ्यायची, जशी रांगत्या पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी. सुनेचं सोडा. बँकेत तेच, दवाखान्यात तेच, सगळ्या खिडक्यांवर तेच. साठी उलटली की माणसाचं डोकं पेन्शनीत निघालं असं या जगानं ठरवूनच टाकलंय.

म्हणून नाल्याकाठच्या चाळींतल्या म्हाताऱ्यांनी क्लब काढला. गणपती मंडळाची पत्र्याची खोली, जिथं अकरा महिने मखराचे बांबू आणि उंदीर राहायचे, ती झाडून घेतली. बंद पडलेल्या सायबर कॅफेतले चार कॉम्प्युटर आणून मांडले. शिकवायला दिनानाथ सर. ते मूळचे एडवणचे, पालघरला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर आले आणि त्यांची बावीस टाइपरायटरं भंगारात गेली. मग वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी या बाबानं चिडून कॉम्प्युटर शिकून घेतला. आता सत्तरी आली तरी बोटं जुन्याच सवयीनं पडायची. सर टाइप करायला लागले की शेजारच्या चहावाल्याला वाटायचं, पत्र्यावर गारा पडतायत.

"सर, हळू. मोडंल ना ते," सोजराबाई म्हणायची.

"मोडू दे. माझं दुकान मोडलं ह्यानं, मी नको मोडू?"

सोजराबाई म्हणजे चाळीतली पहिली खोली, नाल्याला अगदी खेटून. सव्वीस वर्षं तिथंच. नवरा गेला, पोरं वेगळी झाली, नाला मात्र तिथंच राहिला. त्या नाल्यातून कधी काळं पाणी वाहायचं, कधी हिरवट, आणि अधूनमधून असं लालभडक की बघणाऱ्याला वाटावं वरच्या अंगाला बोकड कापलेत. वास तर असा की तोंडातला घास फिरायचा. चाळीनं प्रदूषण बघणाऱ्या सरकारी कचेरीत तीन वेळा कागदी अर्ज दिले. तीन वेळा साहेब आले, तेही आधी कळवून, सकाळी अकरा वाजता. तेव्हा नाला गोठ्यातल्या गाईसारखा गरीब. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'पाहणीत पाणी सामान्य आढळले.'

चौथ्या अर्जाला उत्तर आलं ते आणखी भारी. पंधरा दिवसांच्या नोंदी आणि फोटो ऑनलाइन पाठवा. तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आले नाहीत तर प्रकरण कायमचं बंद.

साहेबांना वाटलं, म्हातारी माणसं आहेत, ऑनलाइन म्हटलं की गप बसतील. आमच्याकडे माणसाला हाकलून द्यायची ही नवी तऱ्हा आहे. दार बंद करायचं नाही, दाराला पासवर्ड लावायचा.

पण त्यांना झुंबररावांचा अंदाज नव्हता. दिनानाथ सरांनी पडद्यावर रकान्यांचा तक्ता उघडला, आडव्या ओळी, उभे रकाने, आणि झुंबरराव खुर्चीतून अर्धे उठलेच.

"आरं, ही तर लॉगशीट हाय!"

"काय?"

"लॉगशीट! हिकडं तारीख, वर तास. दर तासाला रीडिंग. सर, बत्तीस वर्षं म्या हेच भरलंय की! हे आधी का नाही सांगितलं? महिनाभर उगाच त्या उंदराचं शेपूट धरून बसवलं व्हय मला!"

त्या दिवसापासून माणूस बदलला. त्यांनी पाळ्या लावल्या. रोज एकानं नाल्यावर बसायचं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तासातासाला पाण्याचा रंग कागदावर लिहायचा आणि मोबाईलवर फोटो काढायचा. गुरुवार रामकिसनकडे. रामकिसन त्यांचाच जुना जोडीदार, एकाच शिफ्टला डबे खाल्लेला. सोमवार-मंगळवार झुंबररावांचा, बुधवार आणि शनिवार सोजराबाईचे, बाकीचे दिवस चाळीतल्या इतरांकडे. गुरुवारी सुरू केलं आणि पंधरावा दिवस पुन्हा गुरुवारीच संपला.

आज शुक्रवार होता. चार वाजायला आले होते. सगळ्यांचे कागद टाइप करून झाले होते आणि सर म्हणाले, "आता जिथं तुमी लाल लिवलंय, तो चौकोन लाल रंगवा. हे बघा, हिथं दाबायचं. साहेबाला वाचायचा कंटाळा येतो, रंग लगेच दिसतो."

झुंबररावांनी माऊस धरला. पहिला चौकोन लाल. दुसरा. तिसरा. मागं सगळे खुर्च्यांवरून वाकून बघत होते, कुणाचा तरी श्वास मानेवर येत होता. सातव्या चौकोनाला सोजराबाईच्या तोंडून "अगं बया" निघालं. बाराव्याला मागच्यांनी खुर्च्याच सोडल्या.

सगळे लाल चौकोन एकाच रकान्यात होते. दुपारचे तीन. वरून खाली, कुंकवाच्या बोटानं रेघ ओढावी तसे.

"मला वाटलं माझ्याच वाटणीला येतं," सोजराबाई म्हणाली. "म्हणलं, आपलंच नशीब फुटकं. हे तर रोजचं हाय! रोज तीनला!"

"शिफ्ट बदलायची वेळ," झुंबरराव म्हणाले.

त्यांचे कान तापले होते. पहिली पाळी तीनला सुटते, दुसरी तीनला लागते. मधली ती पंधरा-वीस मिनिटं कुणाच्या बापाची नसतात. जाणारा म्हणतो, माझी ड्यूटी संपली. येणारा म्हणतो, माझी अजून लागली नाही. काही सोडायचं असेल तर तेव्हाच सोडायचं. दोन्ही लॉगशीटात त्याची नोंद सापडत नाही. हे सगळं झुंबररावांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या मनगटाला ते ठाऊक होतं.

"पण सर," सोजराबाईनं पडद्याला जवळजवळ नाक लावलं, "वर, मधी आन् खाली हे तीन दात पडल्यासारखं काय दिसतंय? हिथं, हिथं, आन् हिथं. पांढरं."

"गुरुवार," सर म्हणाले. "तिन्ही गुरुवार."

"गुरुवारी दत्ताचा उपास धरती का कंपनी?"

खोलीत हशा पिकला. रामकिसन तेवढा हसला नाही. तो पायातली चप्पल सरळ करत होता.

झुंबररावांनी त्याचा कागद हातात घेतला. नऊला साफ, दहाला साफ, अकराला साफ, सहापर्यंत साफच. एकाच पेनानं, एकाच दाबानं, अक्षर एका रेषेत. नाल्याच्या कडेला मांडीवर कागद ठेवून लिहिलेलं अक्षर असं येत नाही. त्यांचं स्वतःचं अक्षर तर दुपारपर्यंत गाढवाच्या लाथेसारखं झालेलं असायचं.

"रामकिसन, ही टेबलावरची रीडिंग हायेत."

"काय बोलतुस!"

"फोटो कुठं हायेत तुझे?"

"ढगाळ व्हतं."

"तिन्ही गुरुवारी?"

"आरं झुंबऱ्या," रामकिसन एकदम उसळला, "सकाळी नवाला भरलं सगळं, आन् गेलो घरी! पाठ दुखती माझी. बत्तीस वर्षं आपुन असंच भरलं ना? पहाटे तीनची, चारची, पाचची रीडिंग कोण उठून बघायचं? दोनलाच भरून डुलक्या काढायचो. तू बी! कधी फुटला का बॉयलर?"

"फुटला न्हाई म्हणून तर हितं बसून थापा मारतुयास!"

दोघं एकमेकांच्या अंगावर जातात की काय असं झालं. सरांनी मध्ये हात घातला. "ए, भांडण नंतर करा. पाच वाजायला चाळीस मिन्टं हायेत."

तेव्हा सोजराबाई जे बोलली, ते तिथल्या प्रत्येकाच्या मनात आधीच आलेलं होतं. "रंगवून टाका की लाल. तसं बी आलंच असंल तीनला. कोण बघायला आलंय? पंधराच्या पंधरा लाल झालं की साहेब गप गाडीत बसंल."

"हौ, रंगव," रामकिसन म्हणाला. "माझी जबान देतो मी."

झुंबररावांचं बोट माऊसवर होतं. तीन वेळा दाबायचं, संपलं. रेघ कशी सलग झाली असती! आणि खोटं कशाला म्हणायचं? पाणी आलंच असणार. पण त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांच्याच हातच्या लॉगशीटा यायला लागल्या, बत्तीस वर्षांच्या, गठ्ठेच्या गठ्ठे, सगळं नीटनेटकं, सगळं नॉर्मल. साहेब लोक ज्या कागदावर बोट ठेवून 'पाणी सामान्य' म्हणायचे, तो कागद असाच कुणीतरी टेबलावर बसून भरलेला असायचा. आता आपणही तोच पाठवायचा?

"न्हाई," ते म्हणाले. "सर, प्लांटात चुकीचं रीडिंग पडलं तर खोडायचं नसतं. आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आन् बाजूला सही. ह्याच्यात तशी रेघ मारता येती का?"

सरांचे डोळे चमकले. "येती तर! टाइपरायटरवर आमी मागं जाऊन डॅश मारायचो तसंच. हे बघा, हिथं."

तिन्ही गुरुवारांवर आडवी रेघ पडली. बाजूच्या चौकोनात झुंबररावांनी एका बोटानं टाइप केलं, 'हे रीडिंग प्रत्यक्ष पाहून घेतलेले नाही.' आणि रामकिसनला खुर्चीत ओढलं. "नाव टाक तुझं."

"मला टाइप करता येत न्हाई."

"खोटं लिवता येतं, नाव लिवता येत न्हाई? बस!"

रामकिसननं 'र' शोधायला एवढा वेळ घेतला की सोजराबाईनं त्याचं बोट धरून ठेवलं 'र'वर. नाव उमटलं. माणसाच्या कपाळावर घाम आला होता, पण नाव उमटल्यावर तो ते दोनदा वाचून हसला.

चार पस्तीस. आता फॉर्म. सगळं भरलं आणि शेवटी एक मोठा रिकामा चौकोन आला, 'इतर माहिती'.

"मोकळा सोडा," सर म्हणाले.

"न्हाई. हे म्या भरतो."

ते लिहीत होते, आणि मागं सोजराबाई अक्षर लावून मोठ्यानं वाचत होती, शाळेत वाचावं तशी. "दुपारी तीनला शिफ्ट बदलते... तेव्हा पाणी सोडतात... मला माहीत आहे कारण... कारण दुसऱ्या कारखान्यात, जो आता बंद आहे... अकरा वर्षे तो व्हॉल्व्ह मी स्वतः..."

तिचा आवाज थांबला.

झुंबररावांनी मान वळवली नाही. "'उघडत होतो'," ते म्हणाले. "एवढंच राहिलंय. वरून सांगायचे, आन् म्या उघडायचो. ह्याच नाल्यात."



"म्हंजी," सोजराबाई हळूहळू म्हणाली, "माझ्या दाराला एवढी वर्षं तुमी रंग देत व्हता? आन् संध्याकाळी माझ्याच ओट्यावर बसून चहा पीत व्हता?"

"व्हय."

"साखर जास्त घाला म्हणत व्हता!"

"व्हय, बाई."

तिनं त्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला की चष्मा की-बोर्डवर पडला. दुसरा घालायला हात उचलला, आणि घड्याळाकडं बघून खाली घेतला. "बाकीचा हिशेब मागनं करीन. आधी लिवा ते. शब्द गाळायचा न्हाई. 'उघडत होतो' लिवा!"

त्यांनी लिहिलं. खाली नाव, पत्ता, नंबर.

चार सेहेचाळीस. पाठवायचं बटण दाबलं, तर पडद्यावर लाल अक्षरं आली. फोटो फार मोठे आहेत. "आई शप्पत!" रामकिसन ओरडला. सरांनी बाह्या सरसावल्या आणि पत्र्यावर गारा सुरू झाल्या. तीनच्या पाण्याचे बारा फोटो जोडले होते, त्यातला एकेक लहान होऊ लागला. दोन... पाच... नऊ... चहावाला दारात येऊन उभा राहिला, त्याच्यामागं आणखी चार जण. बारावा झाला. चार चोपन्न. पुन्हा बटण. गोल चक्र फिरायला लागलं, फिरतंय, फिरतंय, थांबलं, पुन्हा फिरलं. सोजराबाईनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

'तक्रार नोंदवली गेली आहे.' खाली लांबलचक नंबर.

त्या पत्र्याच्या खोलीत गणपतीच्या आरतीलाही असा आवाज झाला नसेल. रामकिसननं टेबल बडवलं, सर खुर्चीवरून उठून स्वतःशीच टाळ्या वाजवत होते, आणि चहावाला सगळ्यांना विचारत होता, झालं काय, लॉटरी लागली काय?

सोमवारी दुपारी झुंबररावांच्या मोबाईलची रिंग वाजली. सून जवळच होती, तिचा हात पुढं आला. त्यांनी नुसतं बघितलं. हात मागं गेला.

"काकडे बोलताय? तुमची तक्रार माझ्यापुढे आहे," पलीकडचा माणूस तरुण वाटत होता, नवीन बदलून आलेला असावा. "खरं सांगू का? रोज असे तक्ते येतात, शंभर टक्के लाल. मी बाजूला ठेवतो. तुमच्या तक्त्यात स्वतःच्याच माणसाच्या नोंदीवर रेघ मारलेली बघितली आणि शेवटपर्यंत वाचलं. ते शेवटचं तुम्ही लिहिलंय ते... चौकशीत सांगाल?"

"सांगंन."

"लेखी?"

"लेखीच तर दिलंय, साहेब."

"उद्या पावणेतीनला येतो. कुणाला कळवलेलं नाही. तुम्हीही बोलू नका."

न बोलणं म्हाताऱ्यांना जमणार होतं होय? मंगळवारी अडीचलाच अख्खा क्लब नाल्याच्या कडेला हजर. कुणी छत्री घेऊन, कुणी खुर्ची घेऊन. साहेब मोटरसायकलवर आला, पाठीवर पिशवी, पिशवीत काचेच्या बाटल्या. गर्दी बघून कपाळाला हात लावला, पण हसला. मग सगळ्यांसारखाच पाण्याकडं बघत उभा राहिला.

दोन पन्नास, पाणी राखाडी. दोन पंचावन्न, राखाडीच. दोन अठ्ठावन्नला कारखान्यांचे भोंगे एकामागून एक झाले. झुंबररावांची उजवी मूठ आपोआप आवळली गेली, व्हॉल्व्हचं चाक धरल्यासारखी. त्यांनी ती खिशात घातली.

"आलं!" रामकिसन किंचाळला.

वरच्या वळणावरून पाण्याला लाल धार फुटली. आधी दोरीएवढी, मग लुगड्याएवढी, मग सगळा नालाच. साहेब कडेच्या दगडांवरून खाली उतरला, बाटली बुडवली, वर धरली. उन्हात ती अशी लाल पेटली की मागच्या बायकांनी एकदम श्वास घेतला.

"वेळ किती झाली?" खालून साहेबानं विचारलं.

"तीन वाजून चार!" अकरा म्हाताऱ्या गळ्यांतून एकदम उत्तर गेलं.

साहेब वर आला. बाटलीला सील लावलं, कागद काढला. "इथं साक्षीदार म्हणून एकाची सही लागेल."

झुंबरराव पुढं झाले. पण त्यांच्या आधी सोजराबाईचा हात कागदावर गेला, आणि पेन धरून तिनं मागं वळून सांगितलं, "तुमी थांबा. तुमची सही त्या दुसऱ्या, व्हॉल्व्हच्या कागदावर लागणार हाय. इथली माझी."