एकवीस की पंचवीस

"पंचवीसच्या खाली एक अंशही चालणार नाही," शाकिरकाका म्हणाले. "त्यापेक्षा मला बाहेर बर्फात नेऊन पुरा."

"आणि आम्ही काय वितळायचं?" चौथ्या मजल्यावरची सेवदा उसळली. "बाळाच्या अंगावर घामोळं उठलंय. अठरा करा."

तुर्कस्तानातल्या एरझुरुम शहरातल्या त्या जुन्या इमारतीला तळघरात एकच बॉयलर होता. घरं किती गरम ठेवायची, हे बेहिजेने ठरवायचं होतं. तीस वर्षं तिने हवामान केंद्रात थंडी मोजली होती. उणे तीसची नोंद घेताना पापण्या चिकटायच्या. निवृत्त झाल्यावर इमारतीचा कारभार तिच्या गळ्यात पडला, तो त्यामुळेच. घरातली ऊब मात्र तिने कधी मोजली नव्हती. माणसाला नक्की किती अंश पुरतात?

"दोन दिवस द्या मला," ती म्हणाली.

तापमापक घेऊन ती घरोघरी फिरली. सेवदाकडे खिडकी उघडी असूनही बावीस. तळमजल्यावरच्या नझमीकडे वीस. तो पावाच्या भट्टीवर कामाला, उघड्या पायांनी लोळत म्हणाला, "ताई, मला तर हे घर म्हणजे थंडगार सरबत!"

शाकिरकाकांकडे टेबलावर तेवीस भरले. काका मात्र ओव्हरकोट घालून, खिडकीजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसलेले.

"काका, ताप आहे का?"

"ताप कसला! थंडी हाडांत शिरते मेली."

बेहिजेला चैन पडेना. तिने तापमापक त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि काकांनी दिलेला चहा तिथल्या रीतीप्रमाणे साखरेचा खडा गालात धरून संपवला. पारा सतरावर आला. खिडकीच्या फटीतून वारा सरळ काकांच्या मानेवर येत होता. मग तापमापक घेऊन ती आतल्या भिंतीशी गेली. तिथे बॉयलरच्या पाण्याने तापणाऱ्या रेडिएटरला लागून हिरव्या उशीची रिकामी खुर्ची होती. पंचवीस.

"काका, पंचवीस तर इथेच आहेत की! इथे बसा ना."

काकांनी पेला खाली ठेवला.

"ती मुनव्वरची जागा आहे."

मुनव्वरकाकू ऑक्टोबरात गेल्या होत्या.

"मग तुमची खुर्ची तिच्या शेजारी ओढू या?"

"चाळीस वर्षं समोरासमोर बसलो आम्ही. शेजारी बसलो की चिडायची. म्हणायची, कानाशी घोरता." ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. "राहू दे, पोरी."

बेहिजेने आग्रह केला नाही. तिने वहीत तीनही आकडे लिहिले आणि वही मिटली.

बैठकीत तिने एकवीस सुचवले. त्या खुर्चीबद्दल अवाक्षर काढलं नाही. सगळे शाकिरकाकांकडे बघू लागले, आता भडका उडणार म्हणून.

"चालेल एकवीस," काका म्हणाले.

सेवदा चपापली. "काका, बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीये? तू तेवढी खिडकी लावून घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेहिजे त्यांच्याकडे गेली. काकांनी स्वतः दार उघडलं. त्यांची खुर्ची आता रेडिएटरपाशी, हिरव्या उशीच्या खुर्चीला खेटून होती. बेहिजे उभीच राहिली. कुठे बसावं ते कळेना. काकांनी एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग हळूहळू स्वयंपाकघरात गेले, तिथलं लाकडी स्टूल दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले, आणि दोन्ही खुर्च्यांच्या समोर ठेवून म्हणाले,

"बैस."